टकटकीची पोच

टॉडमॉर्डन, यॉर्कशायर
१२ जानेवारी १९८२

प्रिय क्लिफर्ड,

तू जिंकलास. मी येते.

पंचवीस वर्षं तू नाताळच्या प्रत्येक कार्डावर 'आता इकडेच ये' असं लिहितो आहेस आणि मी प्रत्येक वेळी 'बघू' म्हणून वेळ मारून नेते आहे. आता बघणं संपलं. घर विकते आणि कॅनडाला येते, कायमची. तुझ्या मागच्या खोलीत मासे धरायचे गळ आणि रबरी बूट पसरलेले असतील, ते आवरायला घे.

पण उगाच फुशारू नकोस. हे तुझ्या आग्रहाचं फळ नाही. मला घराबाहेर काढलं ते सेंट्रल हीटिंगने. आर्नल्ड होता तोवर आम्ही नवराबायको कोळशाच्या शेगडीवर सुखात होतो. तो गेल्यावर कोळशाच्या बादल्या वाहणार कोण, म्हणून गेल्या सप्टेंबरात मी मोठ्या हौसेने हे प्रकरण बसवून घेतलं. स्वयंपाकघरात बॉयलर, तिथे पाणी तापतं, तांब्याच्या पाइपांतून घरभर फिरतं आणि खोलीखोलीत खिडकीखाली एक पांढरा रेडिएटर. ऊब आहे, नाही म्हणत नाही. पण आवाज सोसवत नाही. वरच्या मजल्यावरचे रेडिएटर दोन माणसांचं जेवलेल्या पोटासारखे गुडगुडतात. बॉयलरपाशी काहीतरी दिवसभर गुणगुणत असतं. आणि सकाळी हीटिंग आपोआप सुरू झालं की थोड्या वेळाने माझ्या उशाशी, मिस्टर ऑर्मरॉड यांच्या बाजूच्या भिंतीत, टकटक सुरू होते. मी ताडकन उठून बसते आणि मग दिवसभर कुणावर तरी डाफरत राहते. डाफरायला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून किटलीवर.

मिस्टर ऑर्मरॉड तुला माहीत नाहीत. तू गेल्यावर ते इथे राहायला आले. रेल्वेत सिग्नलमन होते, आता निवृत्त आहेत आणि परसात कांदे पिकवतात. भिंतीला भिंत लावून आम्ही एकोणीस वर्षं राहतो आहोत, पण बोलणं हवापाण्याच्या पुढे कधी गेलं नाही. त्यांची बायको ॲल्मा होती तेव्हा सगळ्यांच्या वाटचं तीच बोलायची. हल्ली मात्र त्यांना काय झालं आहे कोण जाणे. थंडी सुरू झाल्यापासून मागच्या अंगणात दिसले की चहाचा कप जरासा उंच करतात आणि माझ्याकडे बघून हसतात. माझ्या घरातला गोंधळ त्यांना ऐकू जात असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बसवून गेलेली ती दोन पोरं आता इकडे फिरकत नाहीत. घरांचा दलाल म्हणतो, मार्चपासून लोक बघायला येतील, पण हा ठणाणा ऐकला तर दारातूनच परत जातील. तू जन्मभर हाच धंदा केलास. बहिणीला त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे. हे घर गप्प कर, म्हणजे ते विकलं जाईल आणि मी सुटेन.

तुझी,
विनी


पीटरबरो, ऑन्टॅरिओ
२० जानेवारी १९८२

प्रिय विनी,

तुझं पत्र मी टपालपेटीपाशीच, बर्फात उभं राहून वाचलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, बहीण येते आहे, कायमची. त्या म्हणाल्या, मग हसा की जरा. मला वाटत होतं मी हसतोच आहे.

गळ हलवले. खोलीला फिका पिवळा रंग देतो आहे. नको असेल तर आत्ताच बोल, नंतर माझ्या आवडीनिवडीवर पत्रं लिहीत बसू नकोस.

आता कामाचं. तुझ्या घराला वेगवेगळी दुखणी आहेत आणि तू सगळ्यांना मिळून एकच शिवी देते आहेस. गुडगुड होते ती हवेमुळे. पाण्यात हवा अडकली की ती रेडिएटरच्या डोक्याशी जाऊन बसते, म्हणून रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागतो. बघ हात लावून. आधी हीटिंग बंद कर आणि सगळं निवू दे. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिळा आहे, त्याची पितळी किल्ली ती पोरं कुठेतरी टाकून गेली असतील. खाली फडकं धर आणि किल्ली अगदी अर्धा वळसा फिरव. फुस्स करून हवा जाईल. पाणी आलं की लगेच बंद कर. खालच्या मजल्यापासून सुरुवात कर, मग वर जा. शेवटी माळ्यावरची लहान टाकी बघ. तिच्यात पाणी येत नसेल तर पाइप पुन्हा हवा ओढतील आणि तुझी सगळी मेहनत फुकट.

गुणगुण करतो तो पंप. त्याच्यावर एक बटण असतं, एक-दोन-तीन आकड्यांचं. त्या शहाण्यांनी तीनवर ठेवलं असणार. एवढ्याशा घराला एक पुरे. कमी केल्यावर वरच्या खोल्या नीट तापतात ना, तेवढं बघ.

टकटकीबद्दल मात्र मी ऐकीव माहितीवर बोलणार नाही. एके सकाळी शिव्या न देता नीट कान दे आणि मला लिही. कधी सुरू होते, कशी वाजते, कधी थांबते.

मिस्टर ऑर्मरॉड यांचं मनावर घेऊ नकोस. निवृत्त माणसाला करमणूक लागते. माझ्याकडे असलं काहीच नाही. इथे जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येते, ना पाइप ना पाणी. घर इतकं शांत आहे की तुला विश्वास बसणार नाही.

तुझा,
क्लिफर्ड


टॉडमॉर्डन
२ फेब्रुवारी १९८२

प्रिय क्लिफर्ड,

अर्धा वळसा म्हणे. मागच्या खोलीतल्या रेडिएटरची किल्ली अर्ध्या वळशाला हलेना, म्हणून मी जोर लावला, आणि काळंकुट्ट पाणी थेट पडद्यावर. तो पडदा आता फडकं म्हणूनच वापरते आहे. पण गुडगुड गेली. रेडिएटर वरपासून खालपर्यंत एकसारखे तापतात. माळ्यावरच्या टाकीतला तरंगता चेंडू अडकून बसला होता. त्याला झाडूच्या दांड्याने ढोसल्यावर पाणी यायला लागलं. पंप खरोखरच तीनवर होता. एकवर आणला तर असा गप्प झाला की चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं. तुझं कौतुक करायची मला सवय नाही, पण हे लिहून ठेव.

आता टकटक. चार दिवस मी पलंगावर हाताची घडी घालून बसले आणि चर्चमधलं प्रवचन ऐकावं तशी ती ऐकली. हीटिंग सुरू होतं, पाइप तापायला लागतात आणि भिंतीच्या कडेने फळ्यांखाली टक टक टक होतं. घाईघाईने, कसंही. कधी तीन, कधी चार, एकदा पाच. मग जरा शांत. आणि मग पुन्हा ठोके पडतात, पण हे निराळे. सावकाश, जड आणि अगदी सारख्या अंतराने. आणि गंमत बघ, पहिल्या वेळी जितके पडले तितकेच. तीनला तीन, चारला चार. त्यानंतर दिवसभर काही नाही. आर्नल्ड असता तर म्हणाला असता, घरात भूत आहे आणि ते हिशेबनीस आहे.

दलाल येऊन घराची मापं घेऊन गेला. जाताना म्हणाला, उन्हाळ्याच्या आत विकून देतो. मिस्टर ऑर्मरॉड कुंपणापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, तो टेप घेतलेला माणूस कोण. मी गालिचेवाला म्हणून सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

विनी


पीटरबरो
१० फेब्रुवारी १९८२

प्रिय विनी,

तुझं वर्णन वाचून मला बसल्या जागी कोडं सुटलं.

तांबं तापलं की लांबतं. त्या पोरांनी पाइप जमिनीखालच्या तुळयांतून नेले आहेत. प्रत्येक तुळईला खाच पाडायची असते आणि ती पाइपापेक्षा जरा सैल हवी. त्यांनी घाईत नेमकी पाइपाएवढीच पाडली. सकाळी गरम पाणी आलं की पाइप लांबायला बघतो, लाकूड त्याला धरून ठेवतं, मग तो झटक्याने सुटतो. प्रत्येक सुटण्याला एक टक. त्या तुळयांची टोकं ऑर्मरॉड यांच्या भिंतीत रुतलेली आहेत, म्हणून आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटतो आणि पलीकडेही तसाच जातो.

दुसरे ठोके हा परतीचा पाइप. पाणी घरभर फिरून निवत निवत माघारी येतं, म्हणून तो उशिरा आणि सावकाश तापतो. तुळया त्याच, खाचा त्याच, म्हणून ठोकेही तितकेच. भूत नाही, पदार्थविज्ञान आहे.

उपाय सोपा आहे. भिंतीलगतच्या फळ्या कटावणीने उचल. प्रत्येक खाचेत पाइप हळूच वर करून त्याखाली आणि बाजूला फेल्टचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, तुकडा सरकव. पाइप मोकळा हलला पाहिजे, दाबून बसता कामा नये. फळ्या परत ठोकताना खिळा पाइपात घालू नकोस, नाहीतर पुढचं पत्र छत्री उघडून लिहावं लागेल.

पिवळ्या रंगाचा पहिला हात झाला. वसंतापर्यंत वास जाईल.

क्लिफर्ड


टॉडमॉर्डन
२५ फेब्रुवारी १९८२

प्रिय क्लिफर्ड,

शांतता. निखळ, गाढ शांतता. मी पुन्हा माणसात आले आहे.

सासष्टाव्या वर्षी मी गुडघ्यांवर बसून आर्नल्डच्या कटावणीने स्वतःच्या झोपायच्या खोलीची जमीन उखडली आणि पुन्हा बसवली. खिळा पाइपात गेला नाही. फेल्ट कुठून आणायचं हा प्रश्न होता. मग कपाट उघडलं आणि फेल्टची ती जांभळी टोपी सापडली. तू बोटीत बसलास त्या दिवशी लिव्हरपूलच्या धक्क्यावर मी घातलेली. तिला कात्री लावताना हात थोडा अडखळला. पण तिने तेव्हा तुला पोचवलं होतं, आता मला पोचवायला कामी येईल, असं म्हटलं आणि कापली. सहा खाचांना पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईची टकटक आली नाही आणि सावकाशीचीही नाही. तुझं पदार्थविज्ञान खरं ठरलं. मी आडवी पडून नुसती ऐकत होते, काहीच कसं ऐकू येत नाही ते.

तेवढ्यात पुढच्या दारावर कोणीतरी दोन्ही मुठींनी धडका मारायला लागलं. उघडते तर मिस्टर ऑर्मरॉड. बर्फात घरातल्या सपाता घालून, पांढरेफटक पडलेले. अंगावर स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, कॉलर मात्र एका बाजूने लोंबकळत होती. मला म्हणाले, तुम्ही बऱ्या आहात ना. मी म्हटलं, इतकी बरी मी कित्येक महिन्यांत नव्हते. आणि आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकलं. त्या मेल्या पाइपांची टकटक कायमची बंद झाली, आता तुम्हालाही त्रास होणार नाही, आणि घर विकून मी भावाकडे चालले आहे.

ते माझ्याकडे तोंडात मारल्यासारखे बघत राहिले. "असं का, पाइप होते," एवढंच बोलले आणि निघून गेले. सपातांचे ठसे दुपारपर्यंत पायरीवर होते.

मला वाईट वाटलं. त्रास गेला म्हणून माणूस खूश व्हायचा. आता कपही उंच करत नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघराचे पडदे दुपारपर्यंत बंद असतात. मी काही लागेल असं बोलले का, तूच सांग.

'विकणे आहे' ची पाटी सोमवारी लागते. मे महिन्याचं विमान बघ.

विनी


टॉडमॉर्डन
५ मार्च १९८२

माननीय मिस्टर हेलिवेल,

आपली ओळख नाही. मी आपल्या भगिनी मिसेस क्रॅबट्री यांचा शेजारी. मध्यंतरी पोस्टमनने आपलं एक पत्र चुकून माझ्या दारात टाकलं. ते मी न उघडता मिसेस क्रॅबट्री यांना पोचतं केलं, परंतु मागचा पत्ता नजरेखालून गेला आणि लक्षात राहिला. त्याबद्दल क्षमा असावी.

मला एक तांत्रिक शंका विचारायची आहे.

आमच्या गल्लीची जुनी रीत आपल्याला माहीत असेल, आपण इथलेच. सकाळी उठलं की शेजारच्या भिंतीवर शेगडीच्या सळईने ठोकायचं. म्हणजे, मी उठलो, ठीक आहे. पलीकडच्याने ठोकून पोच द्यायची. एकट्यादुकट्या माणसाला तो मोठा आधार असे. बहुतेक घरांतल्या शेगड्या बुजल्या आणि रीतही गेली. माझी पत्नी वारल्यानंतर मी सकाळी फार वेळ अंथरुणात पडून राहू लागलो होतो. उठून करायचं काय, हे सुचत नसे.

गेल्या ऑक्टोबरात एके सकाळी मिसेस क्रॅबट्री यांच्या बाजूने तीन ठोके आले. मला वाटलं, बाईंनी जुनी रीत पुन्हा सुरू केली. मी आयुष्य सिग्नलच्या केबिनमध्ये काढलं. शेजारच्या केबिनमधून घंटेचे जितके ठोके येतील तितकेच परत द्यायचे, हा आमचा नियम. ते दिल्याशिवाय गाडी पुढे सुटत नाही. मी तीन परत दिले. दुसऱ्या दिवशी चार आले. चार म्हणजे आमच्यात एक्स्प्रेस गाडी. त्या दिवशी मी दिवसभर खुशीत होतो. पुढे संपूर्ण हिवाळा मी लवकर उठून दाढी करून, कॉलर लावून भिंतीशी उभा राहत असे. एकही सकाळ चुकवली नाही.

मग एके सकाळी ठोके आलेच नाहीत. घंटा गप्प झाली म्हणजे पलीकडच्या केबिनमध्ये काहीतरी घडलं, हे आमच्या हाडात बसलेलं असतं. मी होतो तसा धावलो. पुढचं आपल्याला कळलं असेलच.

शंका अशी. आपण या विषयातले जाणकार आहात. ती सगळीच टकटक पाइपांची होती का? एखाद्या सकाळी तरी ती त्यांनी स्वतः केलेली असेल, असं संभवतं का?

यातलं त्यांना काही सांगू नये, ही विनंती. पाच महिने मी पाइपाला उत्तर देत होतो हे बाहेर फुटलं, तर कांद्यांच्या प्रदर्शनात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यांच्या दाराशी पाटी लागली आहे. त्यांना आपल्याकडे सर्व सुख लाभो. त्यांना पहाटेचा वारा सोसत नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

आपला नम्र,
सेल्विन ऑर्मरॉड


पीटरबरो
१६ मार्च १९८२

प्रिय विनी,

सोबत एका दुसऱ्या माणसाचं पत्र आहे. तुला दाखवू नये असं त्याने लिहिलं आहे. आधी ते वाच आणि मग माझं.

वाचलंस? आता बस कुठेतरी.

इतकी वर्षं धंद्यात काढली, पण मोजून उत्तर देणारा पाइप मला कधी भेटला नव्हता. तू लिहिलं होतंस की दुसरे ठोके निराळे आहेत, सारख्या अंतराने पडतात. एवढं ऐकूनसुद्धा मी तुला परतीच्या पाइपावर व्याख्यान दिलं. परतीचा पाइप हा बिचारा सिग्नलमन होता, आणि मी त्याला तुझ्या टोपीने बंद करवला.

त्याच्या शंकेचं उत्तर मी त्याला पाठवलं आहे. सगळी टकटक पाइपांचीच होती, असं लिहिलं. खोटं लिहिता आलं नाही. लिहिताना फार जिवावर आलं.

हे पत्र तुला पाठवायलाही जिवावर आलं होतं. चार दिवस ते चहाच्या किटलीखाली पडून होतं. ते तिथेच राहिलं असतं, तर मे महिन्यात तू इथे आली असतीस. मला तू इथे हवी आहेस, विनी. फार हवी आहेस. शांत घराच्या मी बढाया मारतो, पण त्या शांततेत मी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याला उत्तरं देत बसतो. तो 'शुभ प्रभात' म्हणाला की मीही म्हणतो. आणि म्हणूनच त्या माणसाचं पत्र मला दडपता आलं नाही. पाइपाला उत्तर देण्यात काय गोडी असते, ती मला कळते.

आता तू ठरव. मागची खोली पिवळी आहे आणि तुझी आहे. तिकीट मी अजून काढलेलं नाही.

क्लिफर्ड


पीटरबरो
८ एप्रिल १९८२
(पोस्टकार्ड)

विनी, पत्र मिळालं का? घर विकलं का? रागावलीस का? एका ओळीत तरी कळव. रंगाचा दुसरा हात थांबवून ठेवला आहे.
क्लि.


टॉडमॉर्डन
१७ एप्रिल १९८२

प्रिय क्लिफर्ड,

रागावले नाही. सवड झाली नाही. वाचशील तेव्हा कळेल.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी बटाटे सोलत होते. त्यांचं पत्र वाचलं, मग तुझं वाचलं, आणि बटाटे तसेच पाण्यात राहिले. मी शेगडीची जुनी सळई शोधून काढली. भिंतीपाशी गेले, हात उचललाही. मग खाली घेतला. पाच महिने माझ्या वतीने पाइपच बोलत होते. पुन्हा भिंतीआडून बोलायचं मला पटेना. कोट घातला आणि पुढच्या दाराने, साऱ्या गल्लीच्या देखत, त्यांच्याकडे गेले.

दुपार टळली होती तरी दाढी केलेली नव्हती. मी उंबऱ्यातच सांगितलं, "मिस्टर ऑर्मरॉड, आजवर ठोकत होते ते माझे पाइप. मी स्वतः आज पहिल्यांदा आले आहे. चहा ठेवा."

त्यांनी दार पुरतं उघडलं. मग म्हणाले, "पाइप होते हे आता समजलं. पण मी उठत होतो तो तुमच्यासाठीच."

असं मला साठीनंतर कोणी म्हणेल, असं वाटलं नव्हतं. साठीच्या आधीही कोणी म्हटलं नव्हतं, आर्नल्ड भला माणूस होता तरी. मी आत गेले. चहा इतका कडक होता की चमचा उभा राहावा. आम्ही एकोणीस वर्षांचं हवापाणी सोडून बाकीचं सगळं बोललो. तुझ्यावर थोडे चिडले होते, सांगू नको म्हटलेलं सांगितलंस म्हणून. मी म्हटलं, त्याच्यावर चिडायचा हक्क माझा आहे, तुम्ही रांगेत उभे राहा.

शनिवारी एक जोडपं घर बघायला आलं. तरुण होते, पोरगी गोड होती. सगळ्या खोल्यांतून फिरून म्हणाली, किती शांत आहे हो, आम्हाला हे घर फार आवडलं. मी म्हटलं, मलाही. आणि पाटी काढून परसात टाकली. दलाल अजून माझ्याशी बोलत नाही.

त्यानंतर रोज चहा, कधी त्याच्याकडे कधी माझ्याकडे. आता तू म्हणशील, मिस्टर ऑर्मरॉड कुठे गेले. सेल्विन म्हणते मी त्याला. गेल्या रविवारी तो कांद्याची रोपं लावत होता आणि मी कुंपणापाशी उभी राहून त्याच्या ओळी वाकड्या आहेत म्हणून सांगत होते. तो उठला, चिखलाचे हात विजारीला पुसले आणि म्हणाला, रोज इथे उभं राहून चुका दाखवणार असाल तर कुंपण कशाला ठेवायचं. मी म्हटलं, कुंपणाचं काय, भिंतीचंच बोला. तेवढ्यात ठरलं. सव्वीस वर्षांची असताना मला यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

पाच जूनला चॅपलमध्ये लग्न आहे. क्लिफर्ड, तू गप्प बसला असतास तर मी आले असते. आनंदाने आले असते, पिवळ्या खोलीला नावं ठेवत तुझ्यापाशी म्हातारी झाले असते, आणि मला कधी काही कळलंही नसतं. तुला हे ठाऊक होतं, तरी पाकीट पाठवलंस. एवढं माझ्यासाठी आजवर कोणी केलं नाही.

नवरीला हाताला धरून न्यायला आणि नवऱ्याच्या हाती द्यायला घरचं माणूस लागतं. तसं तू मला मार्चमध्येच देऊन टाकलं आहेस. आता ये आणि तेच चार लोकांसमोर कर.

तुझीच,
विनी

ता. क. दोन घरांच्या मधल्या भिंतीत दार पाडायचं म्हणतो आहोत. त्याच्याकडे अजून कोळसाच आहे. माझा बॉयलर दोन्ही घरांना पुरेल का?


पीटरबरो
२६ एप्रिल १९८२

प्रिय विनी, आणि आता लिहायलाच हवं, प्रिय सेल्विन,

पत्र याही वेळी पेटीपाशीच वाचलं. शेजारच्या बाई खिडकीत होत्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, कारण मी मोठ्याने हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. विनीला ठाऊक आहे, मी तिच्यावर रुसू शकतो. या वेळी प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. मला फार आनंद झाला आहे.

भिंतीला हात लावू नका. दोघांनाही सांगतो. बॉयलर पुरेल, पण त्या पोरांसारख्या कोणाला तरी बोलावून तुम्ही पुन्हा तेच करून बसाल. दार मी पाडीन. सेल्विनच्या बाजूचे पाइप मी टाकीन आणि खाचा मी कापीन, सैल. हत्यारं बांधायला घेतली आहेत. त्यांच्यामुळे कपड्यांना पेटीत जागा उरली नाही, तेव्हा लग्नाचा कोट तिथेच कोणाकडून तरी उसना घेऊन ठेवा.

किती दिवस राहणार, ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. ते कामावर आहे. दोन घरं, जुनी भिंत, न पाहिलेल्या तुळया. पिवळी खोली एका विद्यार्थ्याला भाड्याने दिली आहे आणि बाकीच्या घरालाही भाडेकरू बघतो आहे. चांगलं काम मी कधी घाईने संपवलेलं नाही, आणि या कामात तर घाई करायची मुळीच इच्छा नाही.

एकोणतीस मेला मँचेस्टरला उतरतो. विमानतळावर दोघंही या. एकट्याने घरी जायचा मला कंटाळा आला आहे.

तुमचा,
क्लिफर्ड